नामाचे क्रियापद कसे होते?

पदवीच्या पहिल्या वर्षी चाचणी परीक्षेत मी एक इंग्रजी वाक्य लिहिले होते. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाने ग्रामीण अर्थव्यवस्था बळकट झाली, असे मला म्हणावयाचे होते. 'नॅशनल'चे 'नॅशनलाइज' होते, तर 'स्ट्राँग'चे 'स्ट्राँगाइज' का होऊ नये, असा सरळ हिशेब करून मी तो शब्द लिहून मोकळा झालो. उत्तरपत्रिका परत मिळाली तेव्हा त्या शब्दाभोवती लाल वर्तुळ होते. शब्द वर्गात वाचून दाखवला गेला. सगळे हसले, मीही हसलो. पण तो शब्द का चुकला, हे कोणी सांगितले नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला अशा वेळी वाटते की, इंग्रजीला नियम म्हणून काही नसतात. जे असते ते पाठांतर.

पुढे सवडीने शब्दकोश चाळू लागलो, तेव्हा हे मत बदलावे लागले. नियम आहेत, आणि ते फार अवघडही नाहीत. आपल्या वाणिज्य शाखेत तर ही क्रियापदे पावलोपावली भेटतात : नॅशनलाइज, कॅपिटलाइज, लिक्विडेट, व्हेरिफाय, रेक्टिफाय, चीपन. यांतील बहुतेकांच्या पोटात एखादे नाम किंवा विशेषण आहे आणि मागे एक लहानसा प्रत्यय आहे. प्रस्तुत लेखात या प्रत्ययांचा परिचय करून द्यावा, आणि तो करून देताना आपल्या मराठीत हेच काम कसे चालते, शेजारच्या भाषांत कसे चालते, तेही पाहावे, असा हेतू आहे. मी भाषाशास्त्राचा विद्यार्थी नाही. जमाखर्च शिकता शिकता जे दिसले, तेवढेच येथे मांडीत आहे.

१. 'एन' : घरचा प्रत्यय

इंग्रजीतील 'एन' हा प्रत्यय तिच्या स्वतःच्या जुन्या घरातला आहे. तो ग्रीक-लॅटिनमधून आलेला नाही. डीप-डीपन, शार्प-शार्पन, वीक-वीकन, चीप-चीपन, शॉर्ट-शॉर्टन ही त्याची उदाहरणे. तो सहसा एका अवयवाच्या लहान, रोजच्या वापरातल्या शब्दांना लागतो. पण सगळ्यांना नाही. रंगांचेच पाहा. ब्लॅकन, व्हाइटन, रेडन हे शब्द आहेत. परंतु ग्रीन, ब्राउन, ब्लू आणि यलो यांना 'एन' लावलेले क्रियापद कोठे आढळत नाही.

याचे कारण उच्चारात आहे. मूळ शब्दाच्या शेवटी क, ट, ड, प यांसारखा स्पर्श वर्ण किंवा फ, स, श, थ यांसारखा घर्षक वर्ण असेल तरच 'एन' त्याला चिकटतो. शेवटी न, म, ङ यांसारखे अनुनासिक, ल किंवा स्वर असेल तर साधारणपणे चिकटत नाही. म्हणून 'थिक'चे 'थिकन' होते, पण 'थिन'चे होत नाही. 'डार्क'चे होते, 'डिम'चे होत नाही. 'थिन' आणि 'डिम' हे शब्द कोणताही प्रत्यय न घेता आहेत तसेच क्रियापद म्हणून वापरतात.

आता 'स्ट्राँग'कडे पाहू. त्याच्या शेवटी अनुनासिक आहे, म्हणून 'एन'ला तेथे जागा नाही. इंग्रजीने यावर तोड काढली ती अशी : विशेषण सोडून त्याचे भाववाचक नाम 'स्ट्रेंग्थ' घेतले. त्याच्या शेवटी 'थ' आहे. त्याला प्रत्यय लावून 'स्ट्रेंग्थन' केले. 'लाँग'चेही तसेच, 'लेंग्थ'वरून 'लेंग्थन'. 'हाय'च्या शेवटी स्वर, म्हणून 'हाइट'वरून 'हाइटन'. माझ्या लाल वर्तुळाचे उत्तर एवढेच होते.

२. 'आइज' : परदेशातून आलेला, पण सर्वत्र चालणारा

'आइज' मूळचा ग्रीक. तो लॅटिन आणि फ्रेंच या वाटेने इंग्रजीत आला. 'एन'ला लहान शब्द आवडतात, तर याला दोन-तीन अवयवांचे मोठे शब्द मानवतात : स्टँडर्ड, लीगल, नॅशनल, कॅपिटल. 'स्ट्राँग' एका अवयवाचा, म्हणून तो येथेही बसत नाही. शेवटी 'वाय' असेल तर तो गळतो. मेमरी-मेमराइज, समरी-समराइज, इकॉनॉमी-इकॉनॉमाइज.

याचे अर्थ मात्र एकच नाहीत. 'लीगलाइज' म्हणजे कायदेशीर करणे. 'हॉस्पिटलाइज' म्हणजे रुग्णालय करणे नव्हे, तर रुग्णालयात दाखल करणे. 'अपॉलजाइज' म्हणजे क्षमा मागणे. येथे तर कशाचे काही केलेच जात नाही. माणसांच्या नावांनाही हा प्रत्यय लागतो. लुई पाश्चर यांच्यावरून 'पाश्चराइज', गॅल्व्हानी यांच्यावरून 'गॅल्व्हनाइज'. आपण रोज सकाळी दुधाची जी पिशवी फोडतो, तिच्यावर एका शास्त्रज्ञाचे नाव क्रियापदाच्या रूपाने छापलेले असते, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

हा प्रत्यय 'झेड'ने लिहावा की 'एस'ने, हा प्रश्न विद्यार्थ्यांना नेहमी पडतो. अमेरिकेत 'झेड' चालतो. ऑक्सफर्डचे शब्दकोशही 'झेड' देतात. आपल्याकडील वृत्तपत्रे व पाठ्यपुस्तके बहुधा 'एस' वापरतात. दोन्ही बरोबर आहेत, एका लेखनात एकच पद्धत ठेवावी. पण अ‍ॅडव्हर्टाइज, सुपरवाइज, एक्सरसाइज, काँप्रमाइज यांसारखे काही शब्द सर्वत्र 'एस'नेच लिहितात. तेथे पर्याय नाही.

३. 'इफाय' आणि 'एट' : लॅटिनची देणगी

प्युअर-प्युरिफाय, सिंपल-सिंप्लिफाय, क्लास-क्लासिफाय, नल-नलिफाय. हा प्रत्यय लॅटिन भाषेतील ज्या धातूवरून आला, त्याचा अर्थ 'करणे' असा आहे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे. लेखापरीक्षकाचे अर्धे काम या एका प्रत्ययात सामावलेले आहे. 'व्हेरिफाय' म्हणजे खरे आहे की नाही ते पाहणे, 'सर्टिफाय' म्हणजे खात्रीने सांगणे, 'रेक्टिफाय' म्हणजे सरळ करणे, आणि जे कोणी करू नये ते 'फॉल्सिफाय'. यांतील काहींचे मूळ शब्द इंग्रजीत स्वतंत्रपणे चालत नाहीत, ते लॅटिनमध्येच शोधावे लागतात.

'एट' हाही लॅटिनचाच. अ‍ॅक्टिव्ह-अ‍ॅक्टिव्हेट, मोटिव्ह-मोटिव्हेट, व्हॅलिड-व्हॅलिडेट. 'लिक्विड' म्हणजे द्रव. 'लिक्विडेट' म्हणजे कंपनीची मालमत्ता विकून तिचे रोख पैशात रूपांतर करून देणी भागवणे. जमीन, यंत्रे, इमारती या घट्ट वस्तूंचा पैसा वाहता होतो, अशी त्यामागची कल्पना समजली की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

या चारही प्रत्ययांवरून होणारी नामे मात्र वेगवेगळी आहेत. 'आइज'चे 'आयझेशन', 'इफाय'चे 'इफिकेशन', 'एट'चे 'एशन', 'एन'चे 'एनिंग'. मराठीत आपण यांतील बहुतेकांना एकाच साच्यात बसवतो : राष्ट्रीयीकरण, वर्गीकरण, सक्रियीकरण, बळकटीकरण.

४. 'ईकरण' कोठून आले?

हा साचा संस्कृतचा आहे. पाणिनीने 'च्वि' नावाचा प्रत्यय सांगितला आहे. जे आधी तसे नव्हते ते तसे होणे किंवा करणे, असा त्याचा अर्थ. शुक्ल नव्हते ते शुक्ल केले, म्हणजे 'शुक्लीकरण'. 'करणे' हा धातू लावला तर कोणीतरी ते करतो. 'होणे' हा लावला तर ते आपोआप होते, जसे 'घनीभवन'. इंग्रजीतील 'ब्लॅकन'मध्ये काळे करणे आणि काळे होणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात; संस्कृताने ते स्वच्छ वेगळे केले. सूत्रकाराने अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास टिपलेला हा बारकावा आजच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातही वेगळा शिकवावा लागतो.

आज मराठीत हा साचा संस्कृत शब्दांपुरता राहिलेला नाही. डांबरीकरण, काँक्रिटीकरण, बळकटीकरण असे शब्द सर्रास चालतात. रस्त्याच्या कामाच्या फलकावर ते वाचताना कोणाला अडखळल्यासारखे होत नाही. प्रत्यय जिवंत असल्याचे हे लक्षण आहे.

अडचण पुढे आहे. 'ईकरण' लावून आपल्याला मिळते ते नाम. त्याचे क्रियापद करायचे तर पुन्हा 'करणे' जोडावे लागते : 'राष्ट्रीयीकरण करणे'. म्हणजे 'करण' एकदा झालेच होते, ते आपण दुसऱ्यांदा करतो. १९६९ साली १४ बँका आणि १९८० साली आणखी ६ बँका सरकारने ताब्यात घेतल्या. त्या सहांत आपल्या आंध्र बँकेचाही समावेश होता. इंग्रजी वृत्तपत्राला तेथे एक क्रियापद पुरले, मराठी वृत्तपत्राला 'राष्ट्रीयीकरण करण्यात आले' असे लिहावे लागले. २०१६ साली ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा 'निश्चलनीकरण' हा शब्द मराठी अग्रलेखांत आला. रांगेत उभे असलेले लोक मात्र 'नोटा बंद झाल्या' असेच म्हणत होते, आणि कोणाचे काही अडले नाही.

५. मराठीची स्वतःची टाकसाळ

मग मराठीला नामाचे थेट क्रियापद करता येत नाही काय? उत्तम येते. आपल्या व्याकरणकारांनी अशा धातूंना नामधातू अथवा साधित धातू म्हटले आहे. हात-हाताळणे, लाथ-लाथाडणे, फूल-फुलणे, गंज-गंजणे, राग-रागावणे, पाणी-पाणावणे ही नामांवरून झालेली क्रियापदे. उंच-उंचावणे, मंद-मंदावणे, स्थिर-स्थिरावणे, लांब-लांबणे ही विशेषणांवरून झालेली. एवढेच नव्हे, तर पुढे-पुढारणे, खाली-खालावणे अशी अव्ययांवरूनही होतात. 'लांब'वरून आपण 'लांबणे' आणि 'लांबवणे' अशी दोन रूपे करतो. उन्हाळ्यात दिवस लांबतात आणि चर्चा आपण लांबवतो. इंग्रजीला दोन्हीकडे 'लेंग्थन' हाच शब्द वापरावा लागतो.

आपल्या जमाखर्चातला एक शब्द तर या प्रकारचा नमुनाच आहे. रोजकीर्दीतील नोंदी खात्यांवर चढवणे याला मराठीत 'खतावणे' म्हणतात, आणि ज्या वहीत हे करतात ती 'खतावणी'. 'लेजरमध्ये पोस्ट करणे' असे तीन शब्दांत आपण जे म्हणतो, ते जुन्या दिवाणजींनी एका शब्दात उरकले होते. 'खर्च' हा शब्द परका, पण 'खर्चणे' मराठी झाले. 'बदल' परका, 'बदलणे' मराठी झाले.

वृत्तपत्रातील बाजारभावाचे पान उघडून पाहावे. भाव कडाडले, समभाग गडगडले, सोने वधारले, मागणी मंदावली, दर स्थिरावले. 'कडकड', 'गडगड' या आवाजांचीही तेथे क्रियापदे झाली आहेत. त्याच दिवशीच्या एखाद्या शासकीय निवेदनात मात्र 'दरांचे स्थिरीकरण करण्यात आले आहे' असे वाक्य सापडेल. दोन्ही मराठीच. पहिले घाईच्या बाजारात तयार झाले, दुसरे इंग्रजी मसुदा समोर ठेवून. दुसऱ्याला एक कारण आहे, ते नाकारू नये : 'दर स्थिरावले' म्हटले तर ते कोणी स्थिर केले हे कळत नाही, आणि शासनाला ते सांगायचे असते. परंतु तेथेही 'दर स्थिर केले' असे म्हणता येतेच.

६. शेजारच्या भाषा

हैदराबादेत राहून एकाच भाषेचा विचार करणे अवघड जाते. याच अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना विचारावे. कन्नडमध्ये 'इसु' हा एक प्रत्यय जवळजवळ हव्या त्या नामाला लागतो : आरंभ-आरंभिसु, चिंते-चिंतिसु, प्रीति-प्रीतिसु. तेलुगूत हेच काम 'इंचु' करतो : आरंभिंचु, चिंतिंचु, प्रेमिंचु. संस्कृत नाम आले की त्याला घरचा प्रत्यय लावून लगेच कामाला जुंपायचे, अशी या दोन्ही भाषांची रीत आहे. ही रीत आता गूगलपर्यंत पोचली असून कन्नड तरुण 'गूगलिसि' असे सहज लिहितात. मराठीतही 'गुगलून बघ' ऐकू येते, ही समाधानाची गोष्ट आहे.

जुन्या मराठीची रीत याहून वेगळी नव्हती. संतांच्या व पंडित कवींच्या काव्यात आरंभिणे, वंदिणे, नमस्कारिणे, संतोषणे, प्रार्थिणे अशी क्रियापदे विपुल आहेत. आज त्यांच्या जागी आपण आरंभ करतो, वंदन करतो, नमस्कार करतो, प्रार्थना करतो. 'आरंभिंचु' म्हणणारा तेलुगू मित्र आज व्यवहारात जे करतो, ते आपण काव्यापुरते ठेवले.

या शहरात हा प्रश्न एकदा फार गांभीर्याने विचारात घेतला गेला होता. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाने स्थापन झाले. त्याच्या आदल्या वर्षीच भाषांतरासाठी 'दारुत्तर्जुमा' ही संस्था उभी राहिली होती. वैद्यक, रसायन, कायदा, अर्थशास्त्र असे सर्व विषय उर्दूत शिकवायचे होते. म्हणजे हजारो पारिभाषिक शब्द हवे होते. तेथील उर्दूचे प्राध्यापक वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ साली 'वज़्ए-इस्तिलाहात' हे परिभाषा घडविण्याच्या तत्त्वांवरील पुस्तक लिहिले. केवळ अरबी साच्यांवर विसंबू नये, उर्दूच्या स्वतःच्या घडणीप्रमाणे उपसर्ग-प्रत्यय लावून शब्द करावेत, असा त्यांचा आग्रह होता. 'गर्म'वरून 'गरमाना', 'शर्म'वरून 'शरमाना' लोक बोलतातच. मग 'बर्क' म्हणजे वीज, तिच्यावरून 'बर्काना' का होऊ नये, असा हा विचार. १९४८ नंतर विद्यापीठाचे माध्यम बदलले आणि यांतले पुष्कळ शब्द पुस्तकांतच राहिले. पण केवळ नामे घडवून भागत नाही, क्रियापदे घडवावी लागतात, ही जाण तेव्हा येथे होती, याची नोंद घेतली पाहिजे. आपल्याकडील परिभाषाकोशांत नामांची भर जितकी पडली, तितकी क्रियापदांची पडली नाही.

७. 'नॅशनलाइज करणे'

आता आपल्या रोजच्या बोलण्याकडे वळू. 'फॉर्म व्हेरिफाय केला', 'तारीख फायनलाइज करू', 'बिल रेक्टिफाय करून आण'. इंग्रजीने 'फायनल' या विशेषणाला प्रत्यय लावून क्रियापद बनवले. आपण ते तयार क्रियापद उचलले, त्याला पुन्हा नामासारखे बसवून ठेवले, आणि कामाला 'करणे' हा दुसरा गडी लावला. कन्नड बोलणारा 'माडु' लावतो, तेलुगू बोलणारा 'चेयि' लावतो. तिन्ही घरी तोच प्रकार. त्यामुळे परक्या क्रियापदातला प्रत्यय आपल्याला दिसतच नाही. 'व्हेरिफाय' हा आपल्या लेखी एक अखंड दगड असतो. मग परीक्षेत स्वतः क्रियापद घडवायची वेळ आली की 'स्ट्राँगाइज' होते.

आणखी एक चूक याच मुळातून येते. 'एम्फसिस' हे नाम आहे, 'एम्फसाइज' हे क्रियापद. नामानंतर 'ऑन' येतो, क्रियापदानंतर येत नाही. आपण मात्र 'एम्फसाइज ऑन' असे हमखास लिहितो. कारण मनात 'वर भर देणे' हे वाक्य असते. 'भर' हे नाम, 'देणे' हे क्रियापद आणि 'वर' हे शब्दयोगी अव्यय, असे तिघे मिळून आपले काम होते. इंग्रजी क्रियापदाने ते तिघांचे ओझे एकट्याने उचललेले असते, हे कळले की 'ऑन' आपोआप गळून पडतो.

याचा अर्थ 'करणे' वाईट, असा कोणी घेऊ नये. वर सांगितले होते की 'इफाय'चा मूळ अर्थ 'करणे' असाच आहे. म्हणजे 'सिंप्लिफाय' आणि 'सरलीकरण' यांची बांधणी अर्थदृष्ट्या एकच. लॅटिनमधला 'करणे' झिजून प्रत्यय झाला व शब्दाला कायमचा चिकटला. आपला 'करणे' अजून सुटा हिंडतो आहे. तो सुटा असल्यामुळेच कोणत्याही भाषेतील कोणताही नवा शब्द मराठीत त्याच दिवशी वापरता येतो. ही सोय लहान नाही. पण सोयीची सवय झाली की घरातली हत्यारे गंजतात. 'रस्त्याचे रुंदीकरण करणे' म्हणताना 'रस्ता रुंद करणे' हे सुचेनासे होते, आणि 'स्थिरावणे', 'खतावणे' हे शब्द पुढच्या पिढीला अर्थ विचारून घ्यावे लागतात.

म्हणून विद्यार्थी बंधु-भगिनींना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. नवे इंग्रजी क्रियापद भेटले की त्याचा प्रत्यय बोटाने झाकून पाहावे. खाली कोणता शब्द उरतो, लहान की मोठा, शेवटचा वर्ण कोणता, हे तपासावे. आणि मराठी लिहिताना 'करणे' आला की क्षणभर थांबून, त्याच अर्थाचा घरचा धातू आहे का, ते आठवावे. नसेल तर 'करणे' आहेच.

माझे ते वाक्य आज लिहायचे झाले तर इंग्रजीत मी 'स्ट्रेंग्थन' लिहीन. मराठीत 'ग्रामीण अर्थव्यवस्था बळकट झाली' असे पहिल्यापासून मनात होते, ते तसेच ठेवीन. त्याचे 'बळकटीकरण' करणार नाही. विवेचनात उणिवा राहिल्या असतील. भाषेच्या प्राध्यापकांनी त्या दाखवून द्याव्यात, ही विनंती.